फळीवरचे गादीवाले

—नाही हो ताई, अशी कडेला टेकून काय कळणार? गादी म्हणजे काय बाक आहे? आडव्या व्हा. चांगल्या ऐसपैस आडव्या व्हा. चपला राहू देत पायात, खाली प्लास्टिक घातलंय. हां, अशा. आता पाठ सैल सोडा. सोडलीत? नाही सोडलीत — मान अजून वरच आहे, मला दिसतंय ना. काय? आतला आवाज? तो होय! कण्हत नाहीये हो कुणी, आमचे हे गातायत. चर्चमधलं गीत आहे, चाल ओळखू येत नाही तो भाग वेगळा. आणि पडद्याच्या फटीतून पाहिलंत ते बरोबरच पाहिलंत — फळीवर झोपलेत. जमिनीवर फळी आणि फळीवर हे. दुकानभर गाद्या, कापसाच्या, फोमच्या, स्प्रिंगच्या, भिंतीला टेकवून छतापर्यंत गाद्या, आणि मालक फळीवर! गिऱ्हाईक आत डोकावलं की त्याचा चेहरा कसा होतो — हां, अगदी आत्ता तुमचा झाला तसाच. एक बाई तर तोंडावर म्हणाल्या, मालकालाच मालाचा भरवसा दिसत नाही. तेव्हापासून पडदा लावलाय. पण पडद्याने आवाज थोडाच अडतो? परवा एका गिऱ्हाइकाला मी फोमची दाखवत होते तर आतून ओरडले, "त्यांना कापसाची दाखव, पावलांच्या आवाजावरून माणूस जड वाटतोय!" गेलं ना गिऱ्हाईक.

आता पडल्याच आहात तर ऐका. घाई नाही ना? हे सगळं त्या स्प्रिंगच्या गादीमुळे झालं. ही नव्हे हो, ही नव्हे, पडा तुम्ही. ह्यांना एक सवय होती, स्प्रिंग दाखवायची म्हणजे स्वतः गादीवर चढून उड्या मारायच्या. अंगाने भरलेले, डोक्याला टक्कल, आणि लहान मुलासारख्या उड्या. त्या दिवशी एक नवरा-बायको आले. बायकोला गादी पसंत, नवरा म्हणतो, स्प्रिंगा बसतील. बसतील? आमच्या ह्यांच्या मालाला बसतील म्हणायचं? चढले. एक उडी मारली, नवरा गप्प. दुसरी मारली, बायको टाळ्या वाजवायला लागली. इथं थांबायचं ना माणसाने? पण कौतुक झालं की ह्यांना धीर नाही. तिसऱ्या उडीला गादीने असं काही उचललं त्यांना की थेट उशांच्या फडताळावर. वरच्या सगळ्या उशा धबाधबा अंगावर. आम्हाला काही वेळ माणूसच दिसेना. मग उशांच्या ढिगातून आवाज आला — "बघितलंत? बसत नाहीत." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू — "अगं, मला उठता येत नाहीये." — ती गादी? घेतली ना त्यांनी! लगेच नेली. बायको म्हणाली, असली मजबूत गादी पाहिली नाही.

डॉक्टर म्हणाले, कण्याची चकती सरकलीय, नस दाबली गेलीय, शस्त्रक्रियेत धोका आहे, पाय जाऊ शकतात, तेव्हा सध्या सपाट फळीवर पडून राहायचं. मऊ काही अंगाखाली घ्यायचं नाही. मऊ काही नाही! जन्मभर लोकांना मऊ झोपवणाऱ्या माणसाला! मला तिथेच हसू आलं, दवाखान्यात. मग रडूही आलं, पण ते घरी येऊन. गंमत सांगतेय म्हणून तुम्हाला वाटेल हलकं होतं सगळं. नव्हतं हो. कूस बदलायची म्हणजे मी आणि शेजारचे सुतार — फळीही त्यांनीच दिली — दोघं मिळून त्यांना लाटण्यासारखं लाटायचो, आणि हे ओठ दाताखाली धरून छताकडे बघत राहायचे. पाण्याचा ग्लास उचलायचा तर घाम फुटायचा. आणि शिंक! तुम्हाला कल्पना नाही शिंक काय चीज आहे. शिंक येणार असं वाटलं की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. मी एकदा कापूस पिंजत होते मागे, तर आतून प्रार्थना ऐकू आली — मोठ्याने करतात ते प्रार्थना, देव काही बहिरा नाही पण ह्यांना खात्री करून घ्यायची असते — "प्रभू, पाठीचं तुला योग्य वाटेल तेव्हा बघ, पण ही शिंक तेवढी आत्ता थांबव." — थांबली? छे! अशी आली की फळी हलली. मी हातातलं टाकून आत जाणार तेवढ्यात पुन्हा आवाज — "प्रभू, आज मी तुझ्यावर रागावलोय. आज मी गाणार नाही. उद्या सकाळी येतो परत." असं देवाला सांगून टाकलं, कामावरून रजा मागावी तसं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चहा टाकतेय तर आतून गीत सुरू. तीच चाल. म्हणजे चाल नाहीच ती.

मग भेटीला येणारे सुरू झाले. आमची चर्चची मंडळी प्रेमळ आहे हो, नाही म्हणणार नाही, पण प्रेमळ माणसं आजारी माणसाचा जीव घेतात. फळीवर पडलेल्याला सगळ्यांच्या हनुवट्या दिसतात फक्त. हे हनुवटीवरून माणूस ओळखायला लागले होते. कुणी तेल आणलं, कुणी पट्टा आणला. आमच्या गायकवर्गातल्या मोठ्या आवाजाच्या मावशी आल्या, त्यांनी पाठीवर हात ठेवून प्रार्थना करायची म्हणून ह्यांना पालथं करायला लावलं आणि आमेन म्हणताना हात दाबला. ह्यांनी जी किंकाळी फोडली तिला मावशी म्हणाल्या, हालेलूया! मग आले गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, कमिटीचे प्रमुख, सगळं चर्च त्यांना वचकून असतं, हे तर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. खुर्ची घेऊन उशाशी बसले आणि म्हणाले, "दुखणं उगाच येत नाही. आठवून बघ, काही कबूल करायचं राहिलंय का?" आता ह्यांना असं काही विचारू नये. हे खरंच आठवायला लागले! डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. म्हणाले, "आहे एक गुरुजी. शाळेत असताना, सकाळच्या प्रार्थनेत, तुमची कवळी तोंडातून निसटून टेबलावर पडली होती. सगळी मुलं डोळे मिटून होती. मी उघडून बघत होतो. मी फार हसलो होतो गुरुजी. आणि —" पुढे फुटलंच त्यांना हसू, आणि हसलं की पाठीत कळ, कळ आली की 'आई गं', आणि पुन्हा कवळी आठवली की हसू. — गुरुजी? गेले उठून. खुर्ची तशीच राहिली. मी म्हटलं, हे काय केलंत? तर डोळे पुसत म्हणाले, "बघ ना, कबूल केलं, तरी दुखतंय."

माझा धाकटा भाऊ यायचा. त्याचा देवाधर्माशी काही संबंध नाही, पण बहिणीवर जीव. तो एक दिवस तडकला. म्हणाला, "भाऊजी, एवढी वर्षं दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन चर्चचे बाक पुसलेत, घसा फाटेस्तोवर गायलात, त्याच्या बदल्यात हे? मी असतो तर सोडून दिला असता असला देव." मी पडद्याबाहेर, ह्या इथंच, उशी शिवत होते. मलाही ऐकायचं होतं काय म्हणतात ते — कारण, आता खोटं कशाला बोलू, मलाही तेच विचारावंसं वाटत होतं, धीर होत नव्हता. हे म्हणाले, "तुझी बहीण गेल्या महिन्यात माझ्यावर चिडून माहेरी निघाली होती. बॅग भरली होती. मी तिला सोडली का?" भाऊ म्हणाला, "ती वेगळी गोष्ट." हे म्हणाले, "वेगळी कशी? भांडण झालं म्हणून नातं मोडायचं असतं तर माझ्याकडे आज ना बायको असती ना देव." — देवाच्या पंगतीला नेऊन बसवलं मला! आणि तेही भांडणाच्या बाबतीत! मी आत जाऊन चांगली हजेरी घेणार होते. नाही घेतली. बरं वाटलं हो. — बॅग? ते सोडा. ते काही विशेष नव्हतं.

हं, तर आता खरी गोष्ट. आमच्या चर्चमध्ये एक मोठे प्रचारक येणार होते. सगळे त्यांना 'ऊठवाले साहेब' म्हणायचे, कारण ते आजाऱ्यापुढे उभे राहून हात वर करून ओरडायचे — ऊठ! आणि म्हणे माणसं उठायची. कमिटीला वाटलं, आपला गादीवाला म्हणजे नमुना आहे. सगळा बाजार त्याला ओळखतो, तो जर सगळ्यांदेखत उठून चालला तर काय नाव होईल! उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना घेऊन आले. आमचे पाळकसाहेब इतके मऊ की त्यांना कशालाच नाही म्हणता येत नाही, ते नुसते मान हलवत बसले. मला वाटलं हे नाही म्हणतील. पण हे म्हणाले, "प्रार्थनेला कोण नाही म्हणेल? येतो. बरा झालो तर चालत परत येईन, नाहीतर आलो तसा." आणि त्यांच्या चेहऱ्यावर, ताई — लपवत होते, पण मला दिसलं. आशा होती. खूप होती. त्या दिवशी मला त्यांची दाढी करायला लावली आणि नवे मोजे घालायला लावले. मी म्हटलं, मोजे कशाला? म्हणाले, "उठलोच तर लोक पायाकडे बघतील."

न्यायचं कसं? आमच्या गाद्या पोचवायच्या गाडीतून. आता त्या गाडीवर काय रंगवलंय तुम्ही बाहेर वाचलंच असेल — 'एकदा आडवे झालात, की उठावंसं वाटणार नाही.' ह्यांनीच सुचवलेलं वाक्य. ती गाडी आरोग्यसभेच्या दारात! लोक बघतायत गाडीकडे, मग एकमेकांकडे. एका बाईने आपल्या आजारी सासऱ्यांना घाईघाईने दुसऱ्या बाजूला नेलं. आणि पुढे तर कहरच झाला. सभागृहाच्या दारातून ताठ आत गेलं की लगेच वळण, आणि फळी लांब. अशी धरली, तशी धरली, वळेचना. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, छप्पर काढून वरून सोडू या, शास्त्रात त्या लुळ्या माणसाला येशूपुढे तसंच सोडलंय. पाळकसाहेब पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणाले — छप्पर नुकतंच घातलंय, हात लावायचा नाही! शेवटी सुतार म्हणाले, उभी करा फळी. मग ह्यांना गादी बांधायच्या पट्ट्यांनी फळीला आवळलं, छातीला, पोटाला, मांड्यांना, आणि फळी उभी करून आत नेली. आता आत बसलेल्या लोकांना काय दिसलं? कित्येक महिने आडवा असलेला गादीवाला दारातून ताठ उभा आत येतोय! "उठला! उठला!" काय तो गजर, काय त्या टाळ्या! मोठ्या आवाजाच्या मावशींनी गीतच सुरू केलं. आणि हे फळीवरून जीव तोडून ओरडतायत, "नाही हो! बांधलंय! बांधलंय मला!" — ऐकतंय कोण? व्यासपीठावर नेऊन पुन्हा आडवं केलं तेव्हा कुठे लोक बसले, आणि जरा नाराजच झाले. म्हणजे उठलेल्या माणसाला कमिटीने मुद्दाम झोपवलं असं वाटलं काहींना.

साहेब आले. उंच, पांढरा कोट, आवाज असा की खिडक्या थरथरतात. ह्यांच्यापुढे उभे राहिले, हात वर केला — ऊठ! आणि ताई, आमच्या ह्यांनी खरंच प्रयत्न केला हो. मी पायाशी होते, मी पाहिलं. दोन्ही कोपरं टेकवली, मान उचलली, खांदे उचलले, कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि मग कळ आली आणि पडले परत. साहेब पुन्हा म्हणाले, ऊठ! पुन्हा तेच. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "विश्वास ठेव!" हे धापा टाकत म्हणाले, "ठेवलाय साहेब. विश्वास जागच्या जागी आहे. पाठच सरकलीय." समोर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब खाली वाकून हळूच म्हणाले — मला ऐकू आलं, मी तिथेच होते — "निदान हलकं वाटतंय असं तरी म्हणा. लोक बघतायत." आणि तोंडापुढे माइक धरला. मी मनात म्हटलं, म्हणा हो. म्हणून टाका. एक शब्द आहे नुसता, आणि घरी जाऊ. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माइकमध्ये म्हणाले, "माझी पाठ दुखतेय. आत्ता तर फारच दुखतेय. उठावं असं फार वाटत होतं मला, नवे मोजे घालून आलो होतो. नाही उठता आलं. पण मी इथं प्रभूचा म्हणून आलो होतो आणि प्रभूचाच म्हणून घरी जाणार आहे. बरं न होता त्याच्याजवळ राहता येतं, मी राहतोय, चालतं. प्रार्थना तेवढी थांबवू नका, बरी वाटत होती."

पुढच्या रांगेत गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांना काय करावं कळेना, त्यांनी ह्यांचा हात धरला आणि ओढून उठवायला म्हणून वाकले — आणि कट्! आवाज मी ऐकला. साहेब तसेच. कमरेत वाकलेले, एक हात ह्यांच्या हातात, एक हात हवेत, काटकोनात. हलता येईना. लोकांना वाटलं, साहेब प्रार्थनेत गेले. म्हणून लोकही वाकले. सगळं सभागृह, ताई, कमरेत वाकून उभं! किती वेळ! कुणाची हिंमत होईना सरळ व्हायची. ह्यांना मात्र त्या चेहऱ्याची ओळख पटली. तो चेहरा हे रोज करत होते. हळूच म्हणाले, "साहेब, श्वास सोडा. गुडघे वाकवा. आता कुशीवर या. या, फळीवर जागा आहे." मी माइकची वायर खेचून काढली — ते मात्र मला कसं सुचलं देव जाणे. साहेब आले हळूहळू खाली, ह्यांच्या शेजारी, फळीवर. ते बघून पुढच्या रांगेतले लोकही धडाधड जमिनीवर आडवे झाले, त्यांना वाटलं पवित्र आत्म्याचं सामर्थ्य अंगावर आलं. एक पहिलवानासारखा गृहस्थ तर माझ्या पायावरच आडवा झाला.

आणि त्या सगळ्या गोंधळात ते दोघं तिथं एकमेकांच्या नाकाला नाक लावून. साहेब रडत होते. म्हणाले, "किती वर्षं झाली. कोटाच्या आत पट्टा बांधतो. गावोगाव लोकांना ऊठ म्हणतो आणि सकाळी मला स्वतःला बिछान्यातून उठवत नाही." ह्यांनी विचारलं, "मोजे कोण घालतं तुम्हाला?" साहेब म्हणाले, "बायको." हे म्हणाले, "मलाही. देव दोघींचं भलं करो." मग हात हातात घेऊन ह्यांनी साहेबांसाठी प्रार्थना केली. साधी, दोन-तीन वाक्यांची. काय केली ते नाही सांगत, ती त्यांची दोघांची. आणि दोघांना आमच्याच गाडीतून घरी आणलं, एका फळीवर, बाहेर ते वाक्य मिरवत.

मग व्हायचं ते झालं. साहेब दुसऱ्या दिवशी कमरेला शेक घेऊन निघून गेले, आणि सभा मोडली त्याचं सगळं खापर ह्यांच्या डोक्यावर. कमिटीने निरोप धाडला, विश्वासात कमकुवत माणसाने उपासनेत शास्त्रपाठ वाचणं बरं दिसणार नाही. शास्त्रपाठ म्हणजे ह्यांचा प्राण हो! गाणं येत नाही, पण वाचतात काय सुंदर! आडवे पडूनही दर आठवड्याला तयारी करायचे, आज ना उद्या उभा राहून वाचीन म्हणून. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून रडले असते, पण वळता येत नव्हतं ना, मग वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. ते ओलं झालं. मी म्हटलं, आता बास. घरी बसा रविवारी. तुम्हाला कमकुवत म्हणणाऱ्यांच्यात कशाला जायचं? वर्तमानपत्राखालून आवाज आला — "मी त्यांच्याकडे जातो होय?" — आणि रविवारी पुन्हा गाडी, पुन्हा पट्ट्या, पुन्हा फळी उभी. शेवटच्या बाकामागे, छत्र्या ठेवतात तिथं जमिनीवर जागा मिळाली. लोक ओलांडून जायचे. कुणाची ओली छत्री कपाळावर ठिबकायची. एक रांगतं बाळ होतं, ते उपदेश सुरू झाला की नेमकं येऊन ह्यांच्या छातीवर बसायचं. आणि हे गायचे. सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे. एकही रविवार चुकवला नाही, रागावलेल्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी फक्त गायचे नाहीत, पडून राहायचे.

मग एका रविवारी ऊठवाले साहेब आले. कुणाला कळवलं नाही, जाहिरात नाही, पांढरा कोट नाही. पाळकसाहेबांनी त्यांना बोलायला सांगितलं तर पुढे गेले आणि म्हणाले, "मला खुर्ची द्या." बसले. म्हणाले, "माझी पाठ दुखते. पुष्कळ वर्षं दुखते. मी लपवत होतो, कारण मला वाटायचं, मी दुखतंय म्हटलं तर देवाची अब्रू जाईल. ह्या माणसाने ती माझ्यादेखत राखली. मी बरा झालो नाही. तरी आलोय." झालं, एवढंच बोलले. पण त्यानंतर जे झालं! मोठ्या आवाजाच्या मावशी उठून म्हणाल्या, "मला एका कानाने ऐकू येत नाही!" — तेव्हा आम्हाला कळलं त्या एवढ्या ओरडतात का. मग कुणी गुडघा सांगितला, कुणी झोप लागत नाही म्हणून सांगितलं, एक गृहस्थ म्हणाले मुलगा गेल्यापासून मी नुसते ओठ हलवतो, गात नाही. शेजारचा माणूस त्यांच्याजवळ सरकून बसला. आणि शेवटी गुरुजी. काठी टेकत उठले, सगळ्यांना वाटलं आता रागावणार. म्हणाले, "माझी कवळी अजूनही निसटते. म्हणून मी हसत नाही." — आणि हसले! पहिल्यांदा! निसटलीच ती!

आता? आता चर्चमध्ये डाव्या भिंतीला आमच्याकडच्या तीन गाद्या असतात, ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी. पाळकसाहेब त्याला 'आडवी रांग' म्हणतात, आणि आडव्या रांगेतून उपदेश सुरू असताना घोरणं येतं ते वेगळं. शास्त्रपाठ पुन्हा ह्यांच्याकडे. झोपून वाचतात, पुस्तक दोन्ही हातांनी तोंडावर धरून. परवा हात दुखले आणि पुस्तक आलं नाकावर, पण आयुष्यात पहिल्यांदाच सगळी मंडळी वेळेवर आमेन म्हणाली. — बरे? नाही हो, बरे कुठले. डॉक्टर म्हणतात थोडं सुधारेल, थोडं राहील. जेवण होईपर्यंत बसतात आता. ते स्वतः म्हणतात, मस्त चाललंय. खोटं बोलत नाहीत कधी, तेव्हा मस्तच चाललं असेल.

चला, माझं पुराण पुरे. गादी कशी वाटली? ही घ्या तुम्ही, डोळे मिटून घ्या, सगळे टाके माझ्या हातचे — काय? कुठे? ही? ही शिवण? वाकडी? अहो ती — ती तशीच असते. ती डिझाइन आहे. सध्या तशीच चालते. — नाही. नाही हो ताई, डिझाइन कसली. गेलीय वाकडी. इथं पण गेलीय, बघा, आणि इथं टाकाच नाही. दाभण हातात आहे की नाही ते कळत नाही मला हल्ली. ही दोन बोटं आणि हा अंगठा. काल दाभण आरपार गेलं तर मला खोळीवर लाल दिसलं तेव्हा समजलं. डॉक्टरांनी सांगितलंय शिवण बंद करा, नाहीतर हा बधिरपणा वर चढत जाईल. बंद करून काय करू? आणि ह्यांना कशाला सांगायचं, त्यांच्याकडे काय कमी आहे का? मी मोजे घालते ना रोज, तेव्हा मुद्दाम बडबड करत राहते, माझे हात अडखळतात ते कळू नये म्हणून. हसतात ते. म्हणतात, तुझ्या तोंडाला विश्रांती नाही. मी अजून कुणालाच —

तुम्हाला का सांगितलं मी हे?

उठा ताई. उठा, ही गादी नका घेऊ, ही मी उसवणार आहे. पुढच्या आठवड्यात या, सुतारांच्या सुनेला शिवायला बसवते, चांगली सरळ शिवते ती. नाही, रागावले नाहीये. जा तुम्ही, आणि जाताना दार ओढून घ्या, पाटी उलटी फिरवा — हो, बंद. दुपारचं बंद नसतं, आज आहे.

— अहो. गाणं थांबवा जरा. मी आत येतेय.